दूध पुन्हा सुरू करा, आणि सायट्रेटला घाबरू नका

प्रश्न: मी ४१ वर्षांची आहे. गेल्या सहा वर्षांत मला तीनदा मूतखडा झाला. पहिले दोन आपोआप पडले, तिसरा मूत्रवाहिनीत अडकला म्हणून दुर्बिणीतून काढावा लागला. तपासणीत तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. डाव्या मूत्रपिंडात अजून ४ मिमीचा एक खडा आहे, पण तो काही त्रास देत नाही. कॅल्शियमचा खडा म्हटल्यावर मी दीड वर्षापूर्वी दूध, दही, चीज सगळं बंद केलं. रोज दोन ग्लास लिंबूपाणी घेते. प्रतिकारशक्तीसाठी व्हिटॅमिन सीची १००० मिलिग्रॅमची गोळी घेते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. आता डॉक्टरांनी २४ तासांची लघवी तपासून पोटॅशियम सायट्रेट आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशा दोन गोळ्या लिहून दिल्या आहेत. अहवाल सोबत जोडते आहे. गोळ्या अजून सुरू केलेल्या नाहीत. यातली दुसरी गोळी उपयोगाची नाही असं एका मोठ्या चाचणीत दिसलं, असं वाचनात आलं. माझ्या भावाचा खडा तर औषधाने विरघळला. मग मला विरघळवणारं औषध का देत नाहीत? आणि एकदा सुरू केल्या की या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील का?

उत्तर: ताई, पत्रासोबत अहवालही पाठवलात, त्यामुळे मोघम न बोलता तुमच्यापुरतं नेमकं बोलता येईल. थेट उत्तर आधी देते. पोटॅशियम सायट्रेट सुरू करा, तुम्हाला त्याची खरोखर गरज आहे. दूध-दही आजपासून पुन्हा घ्या. व्हिटॅमिन सीची गोळी बंद करा. हायड्रोक्लोरोथायाझाइडबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा, की आधी तीन महिने मीठ आणि पाणी मार्गावर आणून, लघवी पुन्हा तपासून मग ठरवलं तर चालेल का. माझ्या मते चालेल. पण ते तुम्हाला प्रत्यक्ष तपासतात, मी फक्त कागद पाहिलाय. तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा.

आता हे कशावरून म्हणते ते सांगते.

कॅल्शियम आणि ऑक्झलेट प्रत्येकाच्याच लघवीत असतं. साखरेचा पाक फार आटला की थंड झाल्यावर त्यात कणी धरते, तसं पाण्याच्या मानाने हे क्षार जास्त झाले की त्यांचे स्फटिक बनायला लागतात. लघवीत ही कणी धरू न देणारे पदार्थही असतात आणि त्यांत सायट्रेट फार महत्त्वाचं. ते कॅल्शियमला स्वतःशी बांधून ठेवतं, त्यामुळे ऑक्झलेटच्या हाती लागायला कॅल्शियम कमी उरतं. शिवाय तयार झालेल्या स्फटिकांची वाढही ते रोखतं. मूतखडा पुन्हा होऊ नये म्हणून दिली जाणारी औषधं या हिशेबातल्या कुठल्या तरी एका आकड्यावर काम करतात: कुणी लघवीतलं कॅल्शियम कमी करतं (हा थायाझाइड गट, तुमची दुसरी गोळी त्यातलीच), कुणी सायट्रेट वाढवतं, कुणी यूरिक आम्ल उतरवतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी २४ तासांची लघवी तपासली, हे त्यांनी फार चांगलं केलं. एकदा खडा झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना दहा वर्षांच्या आत तो पुन्हा होतो. तुम्हाला तर सहा वर्षांत तीनदा झालाय. नुसतं "पाणी भरपूर प्या" असं सांगून सोडून द्यावं अशी ही गोष्ट राहिलेली नाही.

तुमचा अहवाल आपण ओळीने वाचू.

सुरुवात क्रिएटिनिनपासून (स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ), कारण त्यावरून लघवी पूर्ण गोळा झाली होती का ते कळतं. बाईच्या शरीरातून दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम क्रिएटिनिन बाहेर पडतं. तुमचं वजन ६४ किलो आणि आकडा १०५०, म्हणजे मध्ये एखादी वेळ लघवी गोळा करायची राहिली, असं झालेलं दिसत नाही. बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

लघवी १.३ लिटर. हे कमी आहे. ज्याला खडे होतात त्याची दिवसाची लघवी अडीच लिटरच्या आसपास हवी. १९९६ साली इटलीतल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्यांदाच खडा झालेल्या लोकांचे दोन गट केले होते. एका गटाला दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांत पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्के लोकांना. एखाद्या औषधाने असा फरक पडला असता तर ते सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा किती ग्लास प्यायलात ते मोजण्यापेक्षा लघवी किती झाली ते मोजा, कारण घाम जास्त येत असेल तर तेवढंच पाणी कमी पडतं. आठवड्यातून एखाद्या दिवशी मापाच्या भांड्यात मोजलीत तरी अंदाज बसतो. झोपण्यापूर्वी एक ग्लास पाणी जरूर घ्या. रात्री लघवी सगळ्यात दाट होते. त्यापायी रात्री एकदा उठावं लागलं तरी चालेल.

सोडियम २१० मिलिमोल. तुमच्या अहवालातला मला सर्वांत जास्त खटकलेला आकडा हाच. प्रयोगशाळा याच्यापुढे लाल खूण करेलच असं नाही, आणि रुग्णही याच्याकडे बघत नाहीत. खाल्लेलं जवळजवळ सगळं सोडियम लघवीतून बाहेर पडतं, त्यामुळे हा आकडा म्हणजे तुमच्या मीठ खाण्याची थेट नोंद आहे. २१० मिलिमोल म्हणजे त्या दिवशी साधारण १२ ग्रॅम मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. तुम्हाला रक्तदाबही आहे, म्हणजे हे दोन्हीकडून महागात पडतंय. आणि मूतखड्याशी त्याचा संबंध असा, की मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकतं तेव्हा त्याच्या मागोमाग कॅल्शियमही जातं. सोडियम १०० मिलिमोलने वाढलं की लघवीतलं कॅल्शियम सुमारे ४० मिलिग्रॅमने वाढतं. आता पुढची ओळ बघा: कॅल्शियम २९० मिलिग्रॅम. बायकांमध्ये २५० च्या वर गेलं की ते जास्त धरतात. म्हणजे तुमचं जे ४० मिलिग्रॅम जास्त आहे, ते निव्वळ मीठ निम्म्यावर आणून उतरण्यासारखं आहे. प्रत्यक्षात तेवढंच उतरेल याची खात्री देता येत नाही, माणसागणिक फरक पडतो. पण थायाझाइडआधी मीठ असं मी म्हणते ते यासाठी.

मीठ कमी करणं म्हणजे जेवताना वरून न घेणं, एवढ्यावर हे भागत नाही. पाकिटबंद पदार्थ, सॉस, तयार सूप, खारवलेले पदार्थ आणि बाहेरचं जेवण यांतून बरंच मीठ जातं. आणि एक गोष्ट जपा. मीठ कमी करायचं म्हणून 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. टेल्मिसार्टनने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, सायट्रेटच्या गोळीतही पोटॅशियम आहे, आणि त्यात हे तिसरं. पोटॅशियम फार वाढलं की हृदयाची लय बिघडते.

ऑक्झलेट ४४ मिलिग्रॅम. ४० च्या आत असायला हवं. हे थोडं वाढलंय आणि मला वाटतं त्याची दोन कारणं तुमच्या पत्रातच आहेत. पहिलं म्हणजे बंद केलेलं दूध. कॅल्शियमचा खडा झाला म्हणून कॅल्शियम सोडायचं, हे ऐकायला पटतं. अनेक वर्षं डॉक्टरही तेच सांगत. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि दोघं शौचावाटे निघून जातात. जेवणात कॅल्शियम नसलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शोषलं जातं आणि शेवटी लघवीत उतरतं. २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इटलीतलीच आणखी एक चाचणी आली. लघवीत कॅल्शियम जास्त असलेले आणि वारंवार खडे होणारे १२० पुरुष तीत होते. निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार दिला. उरलेल्यांचं कॅल्शियम नेहमीएवढंच ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केला. पाच वर्षांनी पहिल्या गटात ३८ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला होता, दुसऱ्यात २० टक्के. त्यात बाया नव्हत्या, पण १९९७ मध्ये अमेरिकेतल्या नव्वद हजारांहून जास्त परिचारिकांच्या पाहणीतही आहारातून कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांना खडे कमी होताना दिसले.

तेव्हा दूध, दही, चीज जेवणासोबत घ्या. दिवसाचं कॅल्शियम १००० ते १२०० मिलिग्रॅम व्हायला हवं. आहारातून घेतलेलं बरं. काही कारणाने गोळीच घ्यावी लागली तर ती जेवणाबरोबर घ्या, रात्री झोपताना रिकाम्या पोटी नको. दीड वर्ष दूध बंद असताना लघवीतून रोज एवढं कॅल्शियम जात होतं, हे हाडांच्या दृष्टीनेही काळजीचं आहे. चाळिशीनंतर बाईने त्याकडे दुर्लक्ष करू नये.

दुसरं कारण व्हिटॅमिन सी. त्याचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होऊनच बाहेर पडतो. फळांतून मिळणाऱ्या सीबद्दल मी बोलत नाही, तेवढं खुशाल घ्या. हजार मिलिग्रॅमची रोजची गोळी मात्र खडे होणाऱ्या माणसाने घेऊ नये. पालक, बीट, बदाम यांच्यात ऑक्झलेट भरपूर असतं, ते बेताने घ्या. पण ऑक्झलेटची लांबलचक यादी फ्रिजवर चिकटवून निम्म्या भाज्या सोडू नका. भाज्या-फळं कमी झाली की सायट्रेट आणखी खाली जातं.

आणि तुमचं सायट्रेट आधीच खाली आहे: २४० मिलिग्रॅम. ३२० च्या खाली ते नक्कीच कमी समजतात, आणि बायकांमध्ये ते एरवी याहून बरंच जास्त असतं. लिंबूपाणी घेऊनही हा आकडा आलाय, हे लक्षात घ्या. लिंबात सायट्रेट आहे हे खरं, पण ते बहुतांशी सायट्रिक आम्लाच्या रूपात असतं. मूत्रपिंडाने लघवीत सायट्रेट जास्त सोडावं यासाठी शरीराला अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, मिळावं लागतं, आणि ते पोटॅशियम सायट्रेटमधून चांगलं मिळतं. लिंबूपाणी चालू ठेवा, त्या निमित्ताने पाणीही पोटात जातं. फक्त त्यात मीठ घालू नका, साखरही बेतानेच.

पोटॅशियम सायट्रेटमागचा पुरावा छोट्या चाचण्यांचा आहे, पण तो एकाच दिशेने बोलतो. १९९३ च्या एका चाचणीत सायट्रेट कमी असलेल्या रुग्णांना तीन वर्षं ही गोळी किंवा हुबेहूब दिसणारी खोटी गोळी दिली. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांना त्या काळात नवा खडा झाला नाही, खोटी घेणाऱ्यांत असे फक्त २० टक्के होते. १९९७ साली पोटॅशियम-मॅग्नेशियम सायट्रेटच्या चाचणीतही तीन वर्षांत १३ टक्के विरुद्ध ६४ टक्के असा नव्या खड्यांचा फरक निघाला. तुमच्यासारखा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा आणि कमी सायट्रेट असेल, तर या औषधाची निवड करताना मला फारसा विचार करावा लागत नाही.

घेण्याची रीत नीट पाळा, कारण लोक ही गोळी सोडतात ती बहुतेक पोटाच्या कुरबुरींमुळे. दिवसाला एकूण ३० ते ६० एमईक्यू (या औषधाचा डोस मोजायचं एकक), दोन-तीन वेळांत विभागून देतात. तुमचा नेमका डोस डॉक्टरांनी लिहिलाय तोच घ्या. गोळी जेवताना किंवा जेवण झाल्याबरोबर, ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची. ती चावायची नाही, कुटायची नाही, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. ती मेणासारख्या आवरणातून हळूहळू झिरपते आणि औषध संपल्यावर तिचा सांगाडा शौचात अख्खा दिसू शकतो. ते पाहून "गोळी पचतच नाही" म्हणून घाबरू नका. मळमळ किंवा जुलाब झाले तर डोस कमी करून हळूहळू वाढवता येतो, किंवा पातळ औषधाच्या रूपातही ते मिळतं. जठरात व्रण असेल किंवा पोट उशिरा रिकामं होण्याचा आजार असेल तर गोळीचं रूप टाळतात. तसं काही असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

तुमच्या बाबतीत आणखी एक अट आहे आणि ती टेल्मिसार्टनमुळे. रक्तातलं पोटॅशियम ४.४ आणि क्रिएटिनिन ०.८ आहे, म्हणजे सुरुवात करायला अडचण नाही. पण सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्या, डोस वाढवला तर परत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं मनाने घेऊ नका. टेल्मिसार्टनसोबत तीही पोटॅशियम वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात.

लघवीचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; जितका कमी तितकी लघवी आम्ल) ५.९ आहे, सायट्रेटने तो वाढेल. साडेसहाच्या आसपास गेला तर उत्तम. सातच्या वर सतत राहू लागला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे व्हायची भीती असते, मग डोस उतरवावा लागतो. यूरिक आम्ल ५६० मिलिग्रॅम, म्हणजे ठीक.

आता थायाझाइड. तुम्ही वाचलेली चाचणी स्वित्झर्लंडमधली नोस्टोन, २०२३ साली प्रसिद्ध झाली. वारंवार कॅल्शियमचे खडे होणाऱ्या ४१६ रुग्णांना हायड्रोक्लोरोथायाझाइडचे १२.५, २५ किंवा ५० मिलिग्रॅमचे डोस किंवा खोटी गोळी दिली आणि साधारण तीन वर्षं पाहिलं. त्रास देणारा नवा खडा किंवा स्कॅनमध्ये दिसलेला नवा वा वाढलेला खडा, असं मिळून प्रमाण खोट्या गोळीत ५९ टक्के, आणि तीन डोसांत अनुक्रमे ५९, ५६ आणि ४९ टक्के. हा फरक ग्राह्य धरण्याइतका नव्हता. उलट पोटॅशियम कमी होणं, गाऊट (यूरिक आम्लामुळे होणारी सांधेदुखी), नव्याने मधुमेह होणं हे औषध घेणाऱ्यांत जास्त दिसलं.

याचा अर्थ थायाझाइड गट मोडीत काढावा असा मी घेत नाही. त्या चाचणीत सगळ्यांच्याच लघवीत कॅल्शियम जास्त नव्हतं, आणि हे औषध तर तेवढ्यासाठीच आहे. अनेकांचं मीठ खाणंही बरंच होतं. मीठ जास्त असलं की थायाझाइडचा कॅल्शियमवरचा परिणाम धुऊन निघतो. शिवाय हायड्रोक्लोरोथायाझाइड दिवसातून एकदाच दिलं होतं, आणि त्याचा परिणाम चोवीस तास टिकत नाही. जुन्या चाचण्यांत क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड यांसारखी लांब टिकणारी औषधं किंवा दिवसातून दोनदा डोस वापरले होते आणि त्यांत फायदा दिसला होता. त्या चाचण्या लहान होत्या आणि जुन्या पद्धतीच्या होत्या, हेही खरं. एवढं मात्र नोस्टोननंतर नक्की म्हणता येतं, की लघवीतलं कॅल्शियम न बघता सरसकट ही गोळी देऊ नये.

तुमचं कॅल्शियम जास्त आहे, म्हणजे डॉक्टरांनी ती लिहिली ती बिनबुडाची नाही. पण आज १२ ग्रॅम मिठावर ती सुरू केलीत तर तिचा फायदा मिळणार नाही आणि तोटे तेवढे मिळतील. मीठ निम्म्यावर आणा, दूध सुरू करा, सायट्रेट घ्या. तीन महिन्यांनी कॅल्शियम २५० च्या आत आलं तर थायाझाइडचा प्रश्नच उरत नाही. नाही आलं, तर त्या वेळी क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइडचा विचार करण्यासारखा आहे. तुम्हाला रक्तदाबही असल्यामुळे एकच गोळी दोन्ही कामं करेल, आणि कदाचित टेल्मिसार्टनचा डोस बदलता येईल. थायाझाइडने पोटॅशियम उतरतं आणि पोटॅशियम उतरलं की सायट्रेटही उतरतं, म्हणून सायट्रेट तेव्हाही चालूच ठेवावं लागेल. सोडियम, पोटॅशियम, साखर आणि यूरिक आम्ल यांच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतील.

रक्तातलं कॅल्शियम ९.६ आहे, ते ठीक. पुढे कधी ते १०.२-१०.३ च्या वर दिसलं, विशेषतः थायाझाइड सुरू केल्यावर, तर रक्तातलं पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक) तपासायला सांगा. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी एखादी वाढून जास्त काम करू लागली तरी वारंवार खडे होतात, आणि तेव्हा खरा इलाज ती ग्रंथी काढणं हाच असतो.

भावाचं वेगळं आहे. औषधाने खडा विरघळला म्हणजे तो यूरिक आम्लाचा असणार. लघवी फार आम्ल असली की यूरिक आम्लाचे स्फटिक बनतात आणि पीएच साडेसहा-सातपर्यंत नेला की ते पुन्हा विरघळतात. म्हणून त्याला सायट्रेट प्रतिबंधासाठीही उपयोगी आणि खडा विरघळवायलाही. अनेकदा काही आठवड्यांत-महिन्यांत खडा गेलेला दिसतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र पीएच बदलून विरघळत नाही आणि तो विरघळवणारं कुठलंही औषध आज सिद्ध झालेलं नाही. गोळी नाही, काढा नाही, पावडर नाही. "खडा विरघळवून देतो" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. लहान खडे पुष्कळदा आपोआप पडतात आणि त्याचं श्रेय त्या वेळी जे काही चालू असेल त्याला मिळतं. भावाला अॅलोप्युरिनॉलही दिलं असेल तर ते शरीरात यूरिक आम्ल कमी बनावं म्हणून. लघवीत यूरिक आम्ल जास्त असलेल्या कॅल्शियमच्या रुग्णांनाही त्याचा फायदा होतो, असं १९८६ च्या चाचणीत दिसलं होतं. तुमचं यूरिक आम्ल ठीक आहे, म्हणून तुम्हाला ते नको. हे वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच: जंतुसंसर्गातून होणाऱ्या खड्यांना पूर्ण काढणं आणि संसर्ग आवरणं लागतं, सिस्टीनच्या खड्यांना तीन लिटरहून जास्त लघवी, अल्क आणि गरज पडली तर टायोप्रोनिन हे औषध लागतं. प्रत्येकाची वाट वेगळी, म्हणून पडलेला खडा फेकून न देता तपासायला द्या. तुमचाही पुढचा पडला तर द्या, कारण खड्याचा प्रकार मध्येच बदलू शकतो.

डाव्या बाजूचा तो ४ मिमीचा खडा या उपायांनी जाणार नाही. तो वाढू नये, एवढी अपेक्षा ठेवा. वर्षातून एकदा सोनोग्राफी करून बघा. पुढेमागे दुसऱ्या खड्यासाठी दुर्बिणीची वेळ आलीच, तर त्याच भुलीत हाही काढता येईल का ते विचारा. २०२२ च्या एका चाचणीत, मोठ्या खड्याबरोबर असे शांत पडून असलेले लहान खडेही काढले त्यांच्यापैकी १६ टक्के लोकांना पुढे पुन्हा त्रास झाला, ज्यांचे ठेवले त्यांच्यापैकी ६३ टक्के लोकांना.

खड्याची कळ येत असताना ताप किंवा थंडी वाजून आली, लघवी बंद झाली किंवा उलट्यांमुळे पाणीही पोटात ठरेना, तर घरी वाट पाहू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकतं.

आयुष्यभर का, हा तुमच्या मनातला मोठा प्रश्न मला पत्रात जाणवला. प्रामाणिक उत्तर असं, की औषध चालू असतं तोवरच लघवी बदललेली राहते. बंद केलं की काही दिवसांत सायट्रेट जुन्या जागी येतं. पण तुमचं सायट्रेट इतकं खाली जाण्यामागे जास्त मीठ आणि कदाचित भाज्या-फळं कमी पडणं हेही असेल. ते सुधारलं आणि दोन-तीन वर्षं नवा खडा दिसला नाही, तर डॉक्टरांशी बोलून डोस कमी करून पाहता येतो आणि लघवी तपासून ते जमतंय का कळतं. काहींना गोळी लांब चालू ठेवावी लागते. रक्तदाबाची गोळी तुम्ही घेताच आहात, तशीच ही. कळ कशी असते ते तुम्ही तीनदा भोगलंय, तेव्हा या गोळीचं ओझं किती मानायचं ते तुम्हालाच ठरवता येईल.

तीन महिन्यांनी लघवी गोळा कराल तेव्हा सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहून ठेवा. तिथून पुढची प्रत्येक लघवी बाटलीत, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळचीसुद्धा. त्या दिवशी मुद्दाम जास्त पाणी पिऊ नका, जास्त पथ्यही नको, रोज जसं खाता-पिता तसंच. मध्येच कळ येऊन खडा पडला तर तपासणी पाच-सहा आठवडे पुढे ढकला. अहवाल आला की सोडियमची ओळ आधी बघा, मग कॅल्शियमची. हवं तर मलाही पाठवा, थायाझाइडचं तेव्हा बोलू.